दगडी दातांची कीड

निजामाचं फसली साल १३३५, बहमन म्हणजे डिसेंबर महिना, गुरुवार. सकाळी कापूस पिंजून त्याचे पेळू केले आणि एकेका पेळूत एकेक दगडी दात गुंडाळून पेटीत बसवायला घेतला. शनिवारी उजाडता पेटी जालन्याच्या बैलगाडीत चढायची होती. तिथून रेल्वेनं मुंबई, मुंबईहून बोटीनं विलायत. एवढ्या वाटेत दातावर दात घासला तर पोचेपर्यंत पीठ होईल, असं डॉक्टरांनी मला चारदा बजावलं होतं. पाचव्यांदा बजावायला ते खोकत खोकत ओसरीवर आले तेव्हा मी म्हटलं, "तुमी आत जाऊन पडा. दात मी गुंडाळते, खोकला तुमी गुंडाळा."

ते हसले. दिवाळीनंतरच्या त्या दिवसांत ते हसायला लागले होते. पुढचं सगळं त्या हसण्यावरच येऊन अडलं.

दात कसले ते आधी सांगते. डॉक्टर मूळचे बीडचेच, पण नोकरी सगळी काठेवाडच्या एका बंदरावर झाली. तिथं भरती ओसरली की कड्याच्या पायथ्याशी दगड झालेले दात सापडतात. मोठ्या मुशी माशाचे, ज्याला इंग्रज शार्क म्हणतात. या माशाच्या अंगात हाड नसतंच, नुसती कूर्चा. मेल्यावर बाकी सगळं कुजतं, दात तेवढे चिखलात राहतात आणि चिखलाबरोबर दगड होतात. डॉक्टरांनी वीस वर्षं ते वेचले. पेन्शन घेऊन बीडला बिंदुसरा नदीकाठच्या घरात परत आले तेव्हा सामानात भांडी कमी आणि दातांच्या पेट्या जास्त. बायको बंदरावरच वारली होती, मूलबाळ नव्हतं. मी समुद्र पाहिलेला नाही. पेट्या पहिल्यांदा उघडल्या तेव्हा आतून जो वास आला तो समुद्राचा, असं डॉक्टर म्हणाले. मला तो ओल्या भिंतीचा वाटला.

इतर लोक असले दात शोभेला ठेवतात. डॉक्टरांना त्यात आजार शोधायचा होता. माणसाचे दात दुखतात, किडतात, वाकडे येतात. मग माणूस नव्हता तेव्हाच्या माशाला दुखणं होतं का नव्हतं? हा एकच प्रश्न त्यांनी धरला होता. वाकडे, चिरलेले, खुजे दात बाजूला काढून त्यांनी एकदा पेटीभर दात विलायतेतल्या एका जाणत्या पंडिताकडे पाठवले होते. उत्तर एका कागदावर आलं. यातले बहुतेक दात निरोगी आहेत, जबड्याच्या कडेचे दात असेच असतात. बाकीचे लाटांनी मोडलेत. आपण आजार कशाला म्हणता ते आधी ठरवा. हे पत्र डॉक्टरांना पाठ होतं. ताप चढला की ते इंग्रजीत बडबडायचे, त्यात ते असायचं.

त्यानंतर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. छाती अशी की शस्त्रक्रियेसाठी हैदराबादपर्यंतचा प्रवास झेपणार नाही, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं. म्हणजे दात आहेत, प्रश्न आहे आणि डोळे नाहीत.

मी त्यांच्याकडे गेले ती घर सांभाळायला. आमचं माहेर चकलांब्याचं. वडील गोऱ्हे वाढवायचे आणि नेकनूरच्या बाजारात विकायचे. माझे यजमान उमापूरला मास्तर होते. त्यांनी मला लिहा-वाचायला शिकवलं आणि इन्फ्लुएंझाच्या साथीत चार दिवसांत गेले. मी बीडला भावाच्या आसऱ्याला आले, पण रिकामं बसून भावजयीच्या तोंडाकडे बघणं मला जमत नाही. डॉक्टरांना सैपाकाला, पाणी तापवायला, औषध द्यायला बाई हवी होती. मी सकाळी जायची, संध्याकाळी दिवे लावून परत यायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर एक दात ठेवला. बोटभर लांब, काळा, गुळगुळीत, टोक एका अंगाला कललेलं.

"बाई, याला काय झालंय सांगा."

"काय धाड भरलीय त्याला? चांगला हाय की."

"वाकडा आहे."

"कडेचा हाय म्हणून वाकडा हाय. बैलाचासुदिक कडेचा दात मधल्यासारखा नसतो. मधला दात नेऊन कडेला लावला तर तोंड मिटायचं न्हाई त्याचं."

डॉक्टर उशीवरून उठून बसले. "कडेचा कशावरून?"

"मूळ बघा ना. एक पाय आखूड, एक लांब. पण दोन्ही पाय धड हायेत, भरीव हायेत. दुखणं असतं तर मुळानं सांगितलं असतं."

त्यांनी दात परत हातात घेऊन मूळ चाचपलं. मग म्हणाले, "विलायतेच्या माणसानं हेच लिहिलं होतं. फक्त तुमच्याइतकं सोपं नाही लिहिलं."

मला यात काही विशेष वाटलं नाही. नेकनूरच्या बाजारात वडील मला लहानपणी बरोबर न्यायचे. बैलाचा ओठ मुडपून दात बघताना ते आधी दात कुठला ते बघायचे, मग वय, आणि सगळ्यात शेवटी खोट. दुसरे गिऱ्हाईक आधी खोट शोधायचे आणि फसायचे. एखाद्या गोऱ्ह्याचा दात शेजारच्या दातावर चढलेला असला की लोक त्याला नावं ठेवून पुढं जायचे. वडील त्याच्या जबड्याखाली अंगठा दाबून बघायचे. हाड सुजलेलं नसेल, दाबल्यावर जनावर अंग चोरत नसेल, तर तो दात म्हणजे जन्माची ठेवण, आजार नव्हे. असे कितीतरी गोऱ्हे त्यांनी घेतले आणि ते चाकरी करून म्हातारे झाले.

माझीही चूक झाली. बैलाचा दात झिजला की बैल उतरणीला लागला म्हणायचं, तसं मी झिजलेले दात म्हाताऱ्या माशांचे म्हणून वेगळे काढले. डॉक्टरांनी समजावलं की या माशाचे दात जन्मभर गळतात आणि मागून नवे येतात, ओळीमागं ओळ.

"म्हंजे हा मासा कधी बोळका होत न्हाई म्हणा की."

"नाही. आपणच होतो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांना हसता हसता ढास लागली.

तेव्हापासून दुपारची भांडी झाली की मी ओसरीवर पोतं अंथरून बसायची. दातांचे तीन ढीग. पहिला, जन्माच्या ठेवणीचे. कडेचे कललेले, अगदी मधले अरुंद, लहान माशांचे, ज्यांच्या बुडाशी दोन्हीकडे बारके कोंब असतात. हे दिसायला वेगळे, पण त्यांना काही झालेलं नाही. दुसरा ढीग मेल्यानंतर खराब झालेल्यांचा. लाटेनं झिजलेले, दगडाखाली चेपलेले, टोक मोडलेले. मोडलेल्या जागी वरची चकाकी एकदम तुटते आणि आतला खरबरीत दगड उघडा दिसतो, जसा फुटलेल्या कपाचा काठ. तिसरा ढीग खऱ्या आजाराचा. तो वाढता वाढत नव्हता.

त्या ढिगातला एक दात मी विसरणार नाही. टोक दुभंगलेलं, सापाच्या जिभेसारखं. मी तो दुसऱ्या ढिगात टाकणार होते, पण चीर नखानं चाचपली तर चकाकी तुटलेली नव्हती. ती चिरेच्या आत उतरून पलीकडे चढलेली होती. म्हणजे दात हिरडीत मऊ असतानाच त्याला काहीतरी टोचलं आणि तो तसाच घट्ट झाला. डॉक्टर म्हणाले, काटेरी शेपटीचे मासे असतात, ते गिळताना काटा हिरडीत घुसत असेल. पुढं आठ दिवसांनी दुसरा दात सापडला, थोडा लहान, पण चीर तिथंच, तेवढीच. आईच्या अंगठ्यावर एकदा उखळातलं मुसळ बसलं होतं. नख गेलं, नवं आलं ते मधोमध खाचेचं. पुढं जन्मभर ते वाढायचं, कापलं जायचं, परत खाचेचंच यायचं. मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी दोन्ही दात दोन मुठींत धरले आणि म्हणाले, "एकाच माशाचे. जखम बरी झालीच नाही त्याची. जन्मभर तसेच दात येत राहिले." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

वर्षभरात पेट्यांमधून खऱ्या आजाराचे एकोणीस दात निघाले. मला एकोणीस पुष्कळ वाटले. डॉक्टरांना ते पुरत नव्हते. एवढ्यावर नवं काही सांगता येत नाही, जखमा तर सगळ्याच जनावरांना होतात, असं ते म्हणायचे. पावसाळ्यात त्यांची छाती आणखी बिघडली. अन्नावरची वासना उडाली. भाकरीचा पापुद्रा दुधात बुडवून तेवढाच चघळायचे. माझ्या अंदाजानं ते संक्रांत बघणार नव्हते आणि त्यांच्याही.

मग आजूर महिन्यात दिवाळी आली. मी तांब्या-पितळेची भांडी काढून चिंचेनं आणि राखेनं घासली. मातीच्या परळात चिंचेचा कोळ उरला. शेवटच्या पेटीतल्या मूठभर दातांवर चुन्यासारखा पांढरा थर होता. साध्या पाण्यानं आणि कुंचल्यानं तो निघत नव्हता. घंगाळावरचा निघतो तर यांच्यावरचा का नाही, म्हणून मी ते दात परळात टाकले. बारीक बुडबुडे आले, थर सुटला. वरचे दात लगेच काढून धुतले. तळाशी चोथ्यात रुतलेले राहिले ते राहिलेच, कारण त्याच वेळी डॉक्टरांना ताप भरला. पाडव्याला, म्हणजे चौथ्या दिवशी, परळ धुवायला घेतलं तेव्हा ते हाताला लागले. धुऊन, पुसून बाकीच्यांत ठेवून दिले. यात सांगण्यासारखं काही आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

चार दिवसांनी डॉक्टरांनी हाक मारली. डोळे गेल्यापासून ते उजव्या करंगळीचं नख वाढवून त्यानं दात चाचपायचे.

"बाई, हे इथं काय आहे?"

"खड्डा हाय."

"एकच?"

"शेजारी आणिक दोन हायेत. मूळ अन् चकाकी जिथं मिळती तिथं."

त्यांनी तिथं परत नख फिरवलं. "माणसाची कीड अगदी तिथंच लागते," ते म्हणाले. "गळ्याशी. दाताच्या गळ्याशी." सगळी पुस्तकं सांगतात की माशाच्या दाताला कीड लागत नाही, किडायच्या आधीच तो गळतो. आणि त्यांच्या हातात किडका दात होता. असे अकरा निघाले. मग त्यांनी विचारलं, "हे कशानं धुतले होते?"

चुलीवर दूध होतं. "नेहमीसारखे," मी म्हटलं आणि आत पळाले. खोटं बोलायचं नव्हतं. मला ते धुणंच वाटत होतं.

त्या दिवसापासून माणूस बदलला. संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली. दाढी करायला न्हावी बोलवा म्हणाले. अकरा दात त्यांनी स्वतःच्या रेशमी रुमालात बांधून उशाशी ठेवले, मलाही परत दिले नाहीत. दर शुक्रवारी, कचेरीला सुट्टी असते तेव्हा, तहसिलीतला एक अहलकार, म्हणजे कारकून, त्यांचं इंग्रजी लिहून घ्यायला यायचा. डॉक्टर सांगायचे, तो लिहायचा, मी चहा द्यायची. पन्नाशीचा गृहस्थ, अक्षर मोत्यासारखं, जीभ कात्रीसारखी.

"डॉक्टरसाब, मरून लाखो वर्षं झाली अन् दात आत्ता दुखायला लागला व्हय?" तो म्हणायचा. कधी माझ्याकडे वळायचा, "बाई, वय किती म्हणून लिहू? दोन दाती का चार दाती?"

"तुमचे मोजू का आधी?" मी म्हणायची. "तोंड उघडा."

डॉक्टर उशीत डोकं मागं टाकून हसायचे. कातड्याखालची हाडं दिसायची, पण हसायचे. मी घरी जाताना मनात म्हणायची, संक्रांत काढतील.

आता त्या गुरुवारकडे येते. दुपारपर्यंत एकोणीस खरे दात आणि तुलनेसाठी निवडलेले निरोगी दात गुंडाळून झाले. डॉक्टरांनी सगळ्यात शेवटी रुमाल दिला. मी एकेक दात उचलून कापसात घालत होते. सहावा का सातवा दात टोक मोडलेला होता. मोडलेली जागा जुनी, वाळूनं घासून गुळगुळीत झालेली. आणि त्या मोडलेल्या जागेवर तीन खड्डे होते. गळ्याशी होते तसेच.

मी दात उजेडात धरला. टोक मोडलं ते मासा मेल्यावर, दात वाळूत लोळत होता तेव्हा. कीड लागली असेल तर ती मासा जिवंत असताना. मग जी जागा मासा जिवंत असताना उघडीच नव्हती, तिथं कीड कशी लागली? मी बाकीचे दहा परत सोडले. प्रत्येकाचे खड्डे एकाच अंगाला. एका दाताच्या फटीत करड्या रंगाचा धागा अडकला होता, केसापेक्षा थोडा जाड. ओढून काढला. चिंचेची शीर होती.

म्हणजे परळात जे अंग चोथ्यात रुतलं होतं, तेवढंच आंबटानं खाल्लं होतं. नंतर उठून टाकाऊ ढिगातला एक मोडका दात घेतला, चिंच घट्ट कोळली, त्यात तो दाबून ठेवला आणि वर ताटली झाकली. खात्री करून घ्यायची होती. खरं तर खात्री झालीच होती.

शुक्रवारी सकाळी ताटली काढली. खड्डे लहान होते, पण होते. मोडलेल्या जागेवरही होते.

अहलकार आला तेव्हा डॉक्टर नवा सदरा घालून बसले होते. सगळी पानं एकदा वाचून घ्यायची, पेटी बंद करायची, वर मांजरपाट शिवायचं, लाख लावायची, असा बेत. तो वाचायला लागायच्या आत मी बोलले. उभ्यानंच सगळं सांगितलं. दिवाळी, परळ, कोळ, चोथा, शीर.

अहलकाराचा चष्मा हातातच राहिला. "चिंच?" तो म्हणाला. "आमटीत घालतो ती?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला विचारलं होतं मी."

"विचारलं होतं. मी नेहमीसारखे म्हणाले. चूक माझी हाय."

"चिंचेनं एवढं होत नाही."

मी रात्रभर ठेवलेला दात त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी नख फिरवलं. "हे बारीक आहेत. ते मोठे आहेत."

"हा एकच रात्र होता. ते चार दिवस होते."

मग मी टोक मोडलेला दात दिला आणि त्यांचं बोट धरून मोडलेल्या जागेवर नेलं. हे मी करायला नको होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नख तिथं गेलं, खड्ड्यात उतरलं, थांबलं. दुसऱ्या खड्ड्यात उतरलं. ते डॉक्टर होते. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. चेहरा मात्र तसाच राहिला, नुसता त्यातला रंग गेला. त्यांनी दात रुमालात ठेवला, रुमालाला गाठ मारली आणि अहलकाराकडे धरला.

"पेटीत ठेवा. शिवून टाका."

"अकराच्या अकरा?"

"अकराच्या अकरा."

मी म्हटलं, "डॉक्टर, तिकडं बघणाऱ्याला डोळे असतील."

"असू देत. पेटी पोचायला, त्यानं बघायला, उत्तर यायला सहा महिने. मी तोवर कशाला असतोय?" त्यांचा आवाज चढला आणि ढास लागली. पाणी पुढं केलं ते त्यांनी हातानं लोटलं. "उद्यापासून येऊ नका तुम्ही. इथं तुमचं काम संपलं."

अहलकारानं माझ्याकडे न बघता रुमाल आणि पानं आत ठेवून पेटी शिवली. टाके वाकडे पडत होते, माझे पडले नसते. लाख लावून झाल्यावर तो माझ्या मागं अंगणात आला.

"बाई, कावून बोललात? गप बसला असता तर म्हाताऱ्याचं काय बिघडत होतं? दोन महिने सुखात गेला असता."

मी घरी गेले. भावजयीनं लवकर कशी आलीस म्हणून विचारलं, तिला ज्वारी निवडायला ताट द्यायला सांगितलं आणि दिवस मावळेपर्यंत निवडत बसले. उत्तर तेव्हा सुचलं. पण ज्याला द्यायचं तो अहलकार नव्हता.

शनिवारी सकाळी मी नेहमीच्या वेळेच्या आधी गेले. येऊ नका म्हणाले होते, पण त्यांना पाणी तापवून देणारं दुसरं कोणी नव्हतं. दाराशी गाडी उभी होती. थंडीनं बैलांच्या नाकातून वाफ निघत होती आणि गाडीवान घोंगडीत गुरफटून मला म्हणाला, "बाई, बिगी करा, शहागडला गोदेचा उतार गाठायचाय." मी त्याला थांबायला सांगितलं. पेटी ओसरीवर होती. विळ्यानं मांजरपाटाचा एका बाजूचा टाका उसवला, झाकण उचकटलं, रुमाल काढला आणि आत गेले.

डॉक्टर जागे होते. नवा सदरा अंगात तसाच होता. मी रुमाल त्यांच्या हातात दिला.

"हे तुमचे," मी म्हटलं. "पाठवायचे तर तुमच्या हातानं पेटीत ठेवा, मी शिवून देते. पण ते पंडित आधी हेच उघडतील. अकरा खोटे निघाले की बाकीचे एकोणीस खरे कुणी हातात सुदिक धरणार न्हाई. त्या दुभंगल्या टोकाच्या दोघांना पण न्हाई."

त्यांनी रुमालाची गाठ चाचपली. सोडली नाही. बाहेरून गाडीवानानं हाक मारली, मग परत मारली. भिंतीकडे तोंड फिरवल्यावर ते बोलले, एवढ्या हळू की मला वाकावं लागलं.

"किडीची शेवटची चार पानं काढून घ्या. मग शिवा."

मला इंग्रजी येत नाही, पण खालून चार पानं मोजता येतात. ती काढली, झाकण बसवलं, दाभणानं टाके घातले, लाख वितळवून उसवलेल्या जागेवर लावली आणि पेटी गाडीवानाच्या हवाली केली. पेटी हलू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना कडबा ठासायला लावला. गाडी वळणापलीकडे गेल्यावर आत आले. डॉक्टर तसेच भिंतीकडे तोंड करून होते आणि रुमाल मुठीत होता. उद्या येऊ का म्हणून मी विचारलं नाही आणि त्यांनी नको म्हटलं नाही. चूल पेटवून पाणी ठेवलं आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.